उजव्या बाजूची खिडकी

मी विमान बोलतोय. पण उड्डाणाच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मी आजवर एकदाही उडालेलो नाही. लांबीला मी दीड वीत, आणि पंख धरले तर हातभर. चार इंजिनं आहेत, पण ती आतून पोकळ. मी प्लास्टिकचा आहे. स्वीडनमधल्या लिनशॉपिंग गावात, नूरेल पतिपत्नींच्या बैठकीच्या खोलीत, कपाटावर माझा मुक्काम असतो. आणखी एक गोष्ट आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून नावं ठेवायला नकोत. मी स्वभावाने मत्सरी आहे, आणि तो अगदी जन्मापासून.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका साच्यात झाला. तापलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, थंड झालं, आणि मी सुट्ट्या सुट्ट्या तुकड्यांत बाहेर आलो. एका चौकटीला पंख, दुसरीला चाकं, तिसरीला बंदुका. हो, बंदुका. तेरा होत्या. शिवाय पोटात ठेवायचे बॉम्ब वेगळे. कारण मी मुळात बॉम्बर होतो. माझ्या खोक्यावर जे चित्र होतं त्यात धुराने काळवंडलेलं आभाळ होतं आणि त्यातून एक विमान सगळ्या बाजूंनी गोळ्या झाडत चाललं होतं. ते विमान म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो. खोक्याच्या आत पडल्या पडल्या मी त्याच दिवसाची वाट बघत होतो.

माझ्याच साच्यातून माझ्या मिनिटभर आधी एक जण निघाला होता. दुकानात त्याचं खोकं माझ्या खोक्यावर ठेवलेलं असायचं. म्हणून मी त्याला दादा म्हणतो. त्यात आदर कमी आणि टोमणा जास्त आहे, हे तुमच्या लक्षात येईलच. सिक्स्टेन नूरेलने आम्हा दोघांना एकाच दिवशी घरी आणलं. एक आत्ता करू आणि एक पुढे कधीतरी, असा त्याचा हिशेब होता.

सिक्स्टेन हा आमच्या गावच्या विमान कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर काम करून निवृत्त झालेला माणूस. तळघरातल्या खोलीत त्याने दोनशेच्या वर विमानं जोडली होती. त्याचा हात म्हणजे काय सांगू. दोन तुकड्यांमधली फट तो अशी बुजवायचा की भिंगातूनही सापडू नये. रंगाची बारीक फवारणी करायची पिचकारी त्याच्या बोटांत अशी फिरायची की रंग अंगावर धुक्यासारखा बसायचा. गावातल्या विमान-मंडळात त्याच्या शब्दाला मान होता आणि दरवर्षी पहिलं बक्षीस त्याच्याच घरी यायचं. एवढं असून हा गृहस्थ स्वतः कधी विमानात बसलेला नव्हता. गॉटलंड बेटावर जायचं झालं तरी बोटीने जायचा आणि वर बोट लागायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी त्याने दोन्ही खोकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. त्याची बायको गुनवोर ओव्हनमधून दालचिनीचे पाव काढत होती. तिने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

"अगं बाई. ह्यात मी कॉफी द्यायचे," ती म्हणाली.

"ह्यात बॉम्ब असायचे," सिक्स्टेन म्हणाला.

"आधी असायचे. मग आपल्याकडे आल्यावर कॉफी."

सिक्स्टेनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या लागून जखमी झालेली काही अमेरिकन बॉम्बर विमानं स्वीडनमध्ये येऊन उतरली होती. युद्ध संपल्यावर त्यांतल्या थोड्यांची हत्यारं काढून, आत खुर्च्या बसवून त्यांना प्रवासी विमानं केलं गेलं. गुनवोर तेव्हा बावीस वर्षांची होती आणि अशाच एका विमानात प्रवाशांची देखभाल करायची. स्टॉकहोमहून आइसलँडमार्गे न्यू यॉर्क. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्याने कधी विचारलं नाही म्हणून तिने कधी सांगितलं नाही, आणि तिने सांगितलं नाही म्हणून त्यात सांगण्यासारखं काही नसेल असं त्याने गृहीत धरलं.

"हे दुसरं मला दे. मी त्याचं आपल्याकडचं प्रवासी विमान करते," गुनवोर म्हणाली.

"तू? अगं, तुला साधी गोंदाची नळी उघडता येत नाही."

"पाव तर करता येतात ना? एक घे आणि गप्प बस."

त्याने पाव घेतला. दादाला घेऊन तो तळघरात गेला, आणि मी वर स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या टोपलीशेजारी राहिलो.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत पुरतं थांबलेलं नाही. एकाच साच्यातले आम्ही दोघं. त्याला उस्ताद मिळाला, आणि मला एक बाई जिला चिमटा कुठल्या बाजूने धरायचा हेही माहीत नव्हतं. खालून पिचकारीच्या पंपाची घरघर ऐकू आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच्या अंगावर हिरवा रंग चढत असेल, पोटावर राखाडी चढत असेल, आणि मी इथे वाटाण्याच्या आमटीच्या वासात पडलेलो.

गुनवोरची हत्यारं सांगितली तर तुम्ही हसाल. नखं घासायची कानस. पाव कापायची सुरी. भुवया उपटायचा चिमटा. पाठीवरचा बंदुकीचा घुमट तिने बसवलाच नाही. ते भोक रंगारी भिंतीला लावतात तसली लांबी भरून बुजवलं आणि काचकागदाने तीन संध्याकाळी घासत बसली. पोटाखालचा घुमट गेला. शेपटीतला बंदूकवाला गेला. प्रत्येक बंदूक ती चौकटीवरून कापायची आणि एका रिकाम्या औषधाच्या डबीत टाकायची. टक, टक, असा आवाज यायचा. मी मोजायचो. नाकाला लांबोळकं टोक हवं होतं, ते तिने लोणी लावायच्या लाकडी सुरीची मूठ कोरून बसवलं. माझं नाक अजूनही लाकडाचंच आहे.

डिसेंबरात एके दिवशी सिक्स्टेन वर आला आणि म्हणाला, "ती बंदुकांची डबी दे गं जरा. माझी एक मोडली."

गुनवोरने डबी पुढे केली. त्याने त्यातली एक उचलून उजेडात धरली, आवडली आणि घेऊन गेला. म्हणजे आता माझीच बंदूक दादाच्या पाठीवर. त्या रात्री बर्फ पडत होतं म्हणतात. मला काहीच आठवत नाही, मी नुसता जळत होतो.

पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मला त्या बाईच्या बोटांची सवय झाली. काम करताना ती बोलायची, आणि माझ्याशीच बोलायची, कारण दुसरं कोणी नसायचं. काड्यापेटीच्या लाकडाच्या चौदा खुर्च्या करताना कुठल्या खुर्चीवर कोण बसायचं ते सांगायची. एक लाकडाचा व्यापारी उतरेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करायचा. एक म्हातारी सोबत पाच किलो चीज घेऊन मुलाकडे निघाली होती. मग खिडक्या पाडायची वेळ आली. सिक्स्टेनकडून मागून आणलेल्या छोट्या गिरमिटाने तिने एकेक भोक पाडलं. डाव्या बाजूला सात पाडली. उजव्या बाजूला सहा पाडून ती थांबली.

सिक्स्टेन कॉफीचा पेला घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "एक राहिली."

"नाही राहिली. तिथे खिडकी नव्हती."

"नकाशात आहे." त्याच्याकडे एका जुन्या मासिकातून कापलेला नकाशा होता. तो त्याने आणून तिच्यापुढे ठेवला.

"हा डाव्या बाजूचा नकाशा आहे, सिक्स्टेन."

"विमान दोन्हीकडून सारखंच असतं."

"माणूसही दोन्हीकडून सारखाच दिसतो. काळीज एकाच बाजूला असतं." तिने गिरमिट खाली ठेवलं. "शेवटच्या खुर्चीमागे उजवीकडे कपाट होतं. कॉफीचा पिंप, कप, पावांचे ट्रे. तिथे मी उभी राहायचे. ग्रीनलंडजवळ आलं की सगळे प्रवासी आपापल्या खिडकीला नाकं लावून बसायचे. बर्फाचे डोंगर तरंगताना दिसतात म्हणे. मी अकरा वेळा समुद्र ओलांडला आणि एकदाही तो पाहिला नाही. माझ्यापुढे नुसता पत्रा होता. त्या पत्र्याला कपाळ टेकलं की इंजिनांची थरथर दातांत यायची. मला त्या विमानातलं दुसरं काही आठवलं नाही तरी तो पत्रा आठवेल."

सिक्स्टेन नकाशा घडी घालून खाली घेऊन गेला.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई नुसतं विमान करत नव्हती. तिला ती जागा हवी होती, ती उभी राहायची ती. आपण तिथे होतो हे कोणीतरी मान्य करावं, एवढीच तिची इच्छा होती. माझ्या उजव्या कुशीतल्या त्या कोऱ्या जागेला खिडकी नसणं हीच तिची खूण होती.

जानेवारीत मंडळातल्या लोकांना तिच्या उद्योगाचा सुगावा लागला. मंडळाचा चिटणीस होल्गर, मासिक पत्रकही तोच काढायचा, एका शनिवारी आला आणि तळघराचा जिना उतरण्याऐवजी स्वयंपाकघरात बसला तो दोन तास उठला नाही. खुर्च्यांचं कापड कुठल्या रंगाचं होतं? आत वास कसला यायचा? थंडी किती? गुनवोर सांगत होती, हसत होती, मध्येच हाताने दार उघडून दाखवत होती. पुढच्या आठवड्यात होल्गर आणखी दोघांना घेऊन आला. तेही वरच बसले.

सिक्स्टेन एकदा वर येऊन म्हणाला, "खाली बॉम्बरवर चित्र काढतोय. बघायचं असेल तर."

"येतो येतो," होल्गर म्हणाला. "गुनवोर, ते चीजवालीचं काय झालं मग?"

सिक्स्टेन दारात थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला नवीन नव्हतं. आरशात स्वतःचं तोंड बघावं तसं मी ते ओळखलं. दोनशे विमानं जोडणारा हा माणूस, आणि त्याच्याच घरात, त्याच्याच कॉफीवर, त्याचेच मित्र एका नवशिक्या बाईभोवती घोळका करून बसले होते. का, तर ती खरोखरीच्या विमानात उभी राहिली होती. मला त्याची कीव यायला हवी होती. पण मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक दादाला सोडून माझ्याकडे बघत होते.

प्रदर्शन मार्चमधल्या शनिवारी होतं. बुधवारी संध्याकाळी गुनवोरने मला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि ती नेहमीप्रमाणे चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली. तिच्या सायकलचा आवाज लांब गेला. मग जिन्यावर पावलं वाजली. झाकण उघडलं आणि सिक्स्टेनने मला बाहेर काढलं.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. त्याच्या हातात आल्याबरोबर मी सुखावलो. चार महिने मी ह्याच हातांची वाट पाहिली होती. त्याने मला तळघरात नेलं, दिव्याखाली धरलं, दादा शेजारीच उभा होता, आणि मला वाटलं, घे, बघ आता. सिक्स्टेन पुटपुटत होता, "हसतील लोक तिला. सात आणि सहा. नकाशा काय खोटा असतो?" ओठांवर लोक होते, पण पोटात दुसरंच होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण माझ्याही पोटात तेच होतं. त्याने अंतर मोजलं. पेन्सिलीने बारीक खूण केली. गिरमिट लावलं. भोक असं गोल आणि नेमकं पाडलं की गुनवोरची सहाच्या सहा त्यापुढे ओबडधोबड वाटावीत. आत पारदर्शक तुकडा बसवला, कडेला चंदेरी रंगाचा एक हात फिरवला. अर्ध्या तासात काम झालं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर मी मुकाट्याने ते अंगावर घेतलं आणि मनात म्हटलं, शेवटी उस्तादाचा हात लागला.

त्याने मला पुन्हा कापसात गुंडाळलं आणि खोकं होतं तसं ठेवून दिलं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात लांबच लांब टेबलं मांडली होती. प्रत्येक विमानापुढे बनवणाऱ्याच्या नावाचं कार्ड होतं. गुनवोरने मला बाहेर काढलं आणि डावी बाजू लोकांकडे करून उभं केलं, कारण दार आणि नाव त्या बाजूला होतं. दादा चार विमानं सोडून पलीकडे होता. बंदुका, बॉम्ब, नाकावर पोहण्याच्या कपड्यातली बाई, सगळा थाट. पण गर्दी माझ्यापुढे होती. एवढी की गुनवोरचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात एवर्ट नावाचा एक म्हातारा काठी टेकत आला. ऐंशीच्या पुढचा असेल. कारखान्यात ही विमानं बदलली तेव्हा तो तिथे जुळारी होता, असं होल्गरने सगळ्यांना आदबीने सांगितलं. एवर्टने मला डावीकडून पाहिलं, मान डोलावली. मग टेबलाला वळसा घालून तो उजवीकडे आला, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून राहिला.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"हो," गुनवोर म्हणाली.

"मग ही खिडकी कुठून आणलीत? इथे कपाट होतं. पत्र्याला मी स्वतः स्क्रू मारलेत. तुम्ही म्हणे ह्यात काम केलंय."

गुनवोर टेबलामागे त्याच्याजवळ आली. तिने खिडकी पाहिली. किती नेमकी आहे ते पाहिलं. ह्या सभागृहात असं भोक पाडणारा एकच हात होता, आणि ते तिला पाहताक्षणीच कळलं. सिक्स्टेन दादाच्या टेबलाशी उभा होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं. होल्गर, आणखी सहा-सात जण, सगळे तिच्याकडे बघत होते.

मला वाटलं, आता ती बोलणार. नवऱ्याचं नाव घेणार.

"माझी चूक," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. आठवणी म्हाताऱ्या होतात."

"होतं असं," एवर्ट म्हणाला, पण त्याच्या आवाजातला आदर उतरला होता. लोक पांगले. अर्ध्या तासाने दादाला पहिलं बक्षीस मिळालं. सिक्स्टेनने हात मिळवला, चषक घेतला आणि मूग गिळून खाली बसला. गाडीत मी मागच्या सीटवर होतो, दादा माझ्या शेजारी. आणि दादाला बक्षीस मिळाल्याचा मला जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

घरी आल्यावर गुनवोरने मला खोक्यातून काढलंच नाही. खोकं स्वयंपाकघरातल्या फळीवर, झाडूच्या वर गेलं; झाकण अर्धवट उघडं होतं, त्या फटीतून मला टेबल दिसायचं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती बटाटे सोलायची, तो वर्तमानपत्र वाचायचा. गुरुवारी वाटाण्याची आमटी आणि पॅनकेक व्हायचे. एकदा तो म्हणाला, "मला वाटलं होतं, नकाशा बरोबर आहे." ती म्हणाली, "मीठ दे इकडे."

महिनाअखेरीला मंडळाचं पत्रक आलं. होल्गरने लिहिलं होतं की श्रीमती नूरेल यांचं प्रवासी विमान पहिल्या प्रयत्नाच्या मानाने गोड होतं, फक्त उजव्या बाजूची शेवटची खिडकी ही स्मरणशक्तीची गंमत म्हणायची. गुनवोरने ते मोठ्याने वाचलं, तिसऱ्याच कोणाबद्दल वाचावं तसं, आणि पत्रक कचऱ्यात टाकलं.

मग एक दिवस होल्गरचा फोन आला. मे महिन्याच्या सभेत तिने त्या विमानांबद्दल बोलावं अशी मंडळाची इच्छा होती. सिक्स्टेन टेबलाशी बसलेला होता.

"नको रे," गुनवोर फोनवर म्हणाली. "मला आता नीटसं आठवत नाही. कशाला उगीच चुकीचं सांगायचं."

तिने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. सिक्स्टेनने हातातला कप बशीवर ठेवला तो वाकडा पडला, कॉफी टेबलावर सांडली, आणि तो ती पुसायलाही उठला नाही. ती जे विसरली नव्हती ते विसरल्याचं आता स्वतःच सांगायला लागली होती. आणि हे त्याच्यामुळे झालं होतं. खोक्यात पडल्या पडल्या मलाही ते कळलं. मी दादाच्या वरचढ व्हायला निघालो होतो, आणि माझ्या कुशीतल्या त्या सुबक भोकातून ह्या बाईची अकराची अकरा उड्डाणं निसटून चालली होती. तेव्हा मी दादाचा विचार पहिल्यांदा सोडला.

मंडळाच्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर दुरुस्त्या छापायची रीत आहे. कोणाच्या विमानाचं चाक चुकलं, कोणाचा रंग एका छटेने गडद झाला, हे बाकीचे सभासद तिथे मोठ्या प्रेमाने कळवतात. सिक्स्टेनने वीस वर्षांत तिथे इतरांच्या चुका पाठवून पाठवून पान भरलं होतं. स्वतःची एकही नव्हती. एप्रिलचं पत्रक आलं तेव्हा गुनवोरने ते न उघडताच बाजूला सारलं.

"शेवटचं पान बघ," सिक्स्टेन म्हणाला.

"मला चष्मा आणायला उठवू नकोस."

त्याने चष्मा आणून दिला आणि तिच्याकडे पाठ करून सिंकपाशी जाऊन कप धूत राहिला. कप स्वच्छच होता. तिने वाचलं, आधी मनात आणि मग मोठ्याने.

"मार्चच्या अंकातली दुरुस्ती. गुनवोर नूरेल यांच्या विमानावरची उजवीकडची शेवटची खिडकी त्यांनी पाडलेली नाही. ती मी पाडली, त्यांना न विचारता, त्या घरी नसताना. माझ्याजवळ फक्त डाव्या बाजूचा नकाशा होता. त्या जागी उभं राहिलेलं माणूस माझ्या घरात होतं आणि त्याने मला सांगितलेलंही होतं. मी ऐकलं नाही, कारण सगळे तिचंच ऐकत होते आणि ते मला सोसवलं नाही. सिक्स्टेन नूरेल."

तिने चष्मा काढून पत्रकावर ठेवला.

"कप पुरे झाला," गुनवोर म्हणाली.

त्याने नळ बंद केला. ती उठली, फोनपाशी गेली आणि होल्गरचा नंबर फिरवला. "मे महिन्यात येते मी बोलायला," ती म्हणाली. "हो. आठवतंय. सगळं आठवतंय." मग तिने झाडूच्या वरचं खोकं काढलं आणि मला टेबलावर, उजवी बाजू वर करून ठेवलं.

सिक्स्टेन पुढे झाला. ओले हात त्याने पँटला पुसले. "आण इकडे. मी बुजवतो. असं बुजवीन की इथे कधी काही होतं हे कोणाला कळणारसुद्धा नाही."

आणि त्याला ते जमलं असतं. मला माहीत होतं. माझं वेडं मन अजूनही त्या हातांकडे ओढ घेत होतं. भिंगातूनही सापडली नसती अशी कूस मला मिळाली असती, दादासारखी.

गुनवोरने लांबीची नळी उचलली. "मीच बुजवते. आणि कळू दे."

तिने बोटानेच लांबी दाबून भरली. तीन संध्याकाळी नखांच्या कानशीने घासली. सिक्स्टेन समोर बसून काचकागदाचे तुकडे कापून देत होता, आणि ती ग्रीनलंडबद्दल जे प्रवाशांच्या तोंडून ऐकलं होतं ते सांगत होती. ह्या वेळी तो विचारत होता. पत्रा थंड असायचा का? थरथर कुठपर्यंत यायची? रंग तिने लावला, आणि चंदेरी रंग दुसऱ्यांदा कधीच पहिल्यासारखा बसत नाही. त्या जागी एक मळकट ठिगळ उमटलं ते उमटलंच.

तर असा मी. कपाटावर उभा आहे, दादा शेजारी आहे. त्याच्या बंदुकांवर धूळ बसते आणि ती पुसायला सिक्स्टेन जातो तेव्हा अजूनही माझ्या पोटात बारीकसं दुखतं. जन्माची खोड, सहजासहजी जायची नाही. पण गुनवोरने माझी ठिगळाची बाजू भिंतीकडे केलेली नाही. उजवी बाजू खोलीकडे आहे. पाहुणे आले की माझी डावी बाजू, दार, नाव, काही न बघता त्या ठिगळावर बोट ठेवतात आणि विचारतात, हे काय झालं? तुम्हीही कधी आलात तर तेच विचारा, संकोच करू नका. गुनवोर उत्तर देत नाही. ती सिक्स्टेनकडे बघते, आणि दोनशे विमानं निर्दोष जोडलेला तो माणूस दर वेळी पहिल्यापासून सांगायला सुरुवात करतो, "इथे माझी बायको उभी राहायची."